शेतात पाणपक्ष्याचं पिल्लू सापडलं तर



आवणी उरकते, खाचरं हिरवीगार होतात, आणि मग एक प्रश्न हमखास कानावर येतो. "बांधावर बदकाचं पिल्लू सापडलं. पोरांनी हौसेनं घरी आणलं. त्याला खायला काय घालू?" भिवंडी तालुक्यात कामवारी नदीच्या काठाला, खाडीकडच्या गावांत, तळ्या-डबक्यांच्या आसपास पावसाळाभर पाणपक्ष्यांची वीण चालू असते. तेव्हा बेणणीला किंवा कापणीला गेलेल्या माणसाच्या पायात एखादं पिल्लू येणारच. यात नवल काही नाही.

पण प्रश्नाचं उत्तर खाण्यापासून सुरू होत नाही. पिल्लू नेमकं कुठून उचललं ते आधी पोराला विचारा, आणि ते धडधाकट असेल तर त्याच जागी नेऊन ठेवा. उद्या नव्हे, आत्ताच. घरी आणलेली अशी पिल्लं बहुतेक दोन-तीन दिवसांत मरतात. उपाशी मरण्याआधी ती गारठ्यानं आणि भीतीनं मरतात. आणि ज्या पिल्लाला आपण पोरकं समजून उचललं, त्याची आई बऱ्याच वेळा वीस-पंचवीस पावलांवर गवतात दडून तुम्ही कधी जाता याची वाट बघत बसलेली असते.

आधी ओळखा, मग ठरवा

पाण्यातल्या पक्ष्यांची पिल्लं दोन जातींची. पहिल्या जातीची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून. एका दिवसात चालू लागतात, आईच्या मागे पाण्यात उतरतात. बदकं, पाणकोंबडी, टिटवी यांची पिल्लं अशी. कोंबडीचं पिल्लू तुम्ही रोज बघता, तसंच हे. दुसरी जात बगळ्यांची आणि वंचकाची. यांची पिल्लं दुबळी जन्मतात आणि कित्येक दिवस झाडावरच्या घरट्यात आई-बापांच्या चोचीतून खातात. पहिल्या जातीचं पिल्लू जमिनीवर फिरताना दिसलं तर ते त्याच्या जागीच आहे. दुसऱ्या जातीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते वरून पडलेलं आहे. हा फरक ध्यानात आला की अर्धं काम झालं.

आपल्या भागात बारमाही राहणारी आणि इथंच वीण घालणारी बदकं थोडीच. चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाजवळ लाल ठिपका, ते हळदी-कुंकू बदक. नाव किती चपखल दिलंय बघा! याचं पिल्लू वरून काळपट तपकिरी, पोटाखाली पिवळसर, आणि डोळ्यावरून एक काळी रेघ गेलेली. दुसरी अडई. शिट्टी घातल्यासारखी ओरडत संध्याकाळी थव्यानं तळ्यावरून जाते ती. ही झाडाच्या ढोलीतही अंडी घालते आणि पिल्लं एका दिवसाची झाली की वरून सरळ खाली उड्या टाकतात. लव मऊ, अंग हलकं, त्यामुळे त्यांना सहसा इजा होत नाही. झाडाखाली अशी पाच-सात पिल्लं दिसली तर "पडली बिचारी" म्हणून गोळा करू नका. आई त्यांना पाण्याकडे न्यायलाच आलेली असते. तिसरं काणूक, आकारानं अगदी लहान, कमळ-शिंगाड्याच्या तळ्यात दिसतं. थंडीत बाहेरून येणारी बदकं आणि ठाण्याच्या खाडीवरचे रोहित पक्षी इथं अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांची पिल्लं सापडण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रत्यक्षात "बदकाचं पिल्लू" म्हणून जे आणलं जातं, ते बरेचदा पाणकोंबडीचं असतं. तोंड आणि छाती पांढरीशुभ्र, शेपटी सारखी उडवत बांधावरून पळणारी, पावसात रात्र-रात्र 'कुवाक् कुवाक्' करून झोप उडवणारी ती पाणकोंबडी. तिचं पिल्लू मात्र काळं कुळकुळीत असतं. पाय लांब, बोटं मोठी, चोच टोकदार. बदकाच्या पिल्लाची चोच चपटी आणि बोटांमध्ये पडदा असतो. या एका खुणेवरून दोघांत गल्लत होणार नाही. पाणकोंबडीचं पिल्लू चालतं-पळतं खरं, पण पहिले काही दिवस आई-बाप त्याला चोचीनं भरवतात. म्हणून ते घरी जगवणं बदकाहूनही अवघड.

आणि पिल्लू पिवळं धमक असेल तर? तर ते पाळीव बदकाचं आहे. आधी गावात चौकशी करा, कुणाचं तरी चुकलेलं असेल. खाकी कॅम्पबेल जातीची पिल्लं मात्र तपकिरी असतात आणि फसगत होते. गावात कुणी ही बदकं पाळली असतील तर त्यांना आधी दाखवा.

टिटवीचं पिल्लू म्हणजे रंगानं ढेकूळच. आई वरून ओरडली की ते जमिनीला चिकटून मेल्यासारखं निपचित पडतं. माणसाला वाटतं, आजारी आहे. तुमच्या डोक्यावर टिटव्या कलकलाट करत घिरट्या घालत असतील, एखादी पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत पुढे पळत असेल, तर पिल्लू तुमच्या पायाशीच आहे आणि ते ठणठणीत आहे. खाली बघत हळूच मागे फिरा.

माणसाचा हात लागला तर?

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, म्हणून मग परत ठेवून उपयोग नाही. हे खरं नाही. पक्षी पिल्लाला वासावरून नव्हे, आवाजावरून आणि दिसण्यावरून ओळखतात. तुम्ही हातात धरून परत ठेवलेलं पिल्लू आई घेते. या समजुतीपायी किती पिल्लं उगाच घरी राहिली आणि मेली असतील, त्याची गणती नाही.

परत ठेवायची रीत अशी. जिथं सापडलं तिथं, पाण्याच्या जवळ पण पाण्यात नव्हे, गवताच्या आडोशाला ठेवा. कुत्री हाकला, पोरांना घरी पाठवा. स्वतः साठ-सत्तर पावलं लांब, झाडाआड बसा आणि बघत राहा. पिल्लू 'पीं पीं' ओरडत असेल तर ओरडू द्या, त्या आवाजावरच आई येणार आहे. फार लहान असेल आणि भरकटत असेल तर कमी उंचीच्या टोपलीत गवत घालून ठेवा, पण वरून झाकू नका. आई आली की टोपली आडवी करून लगेच लांब व्हा. दोन तास तरी धीर धरा. शेतात माणसांची वर्दळ असेल तर काम थोडं पलीकडच्या खाचरात न्या. माणूस हलला नाही तर आई येत नाही, ही साधी गोष्ट आहे.

बगळ्या-वंचकाचं पिल्लू झाडाखाली पडलं असेल तर गोष्ट वेगळी. खाली पडलेल्या पिल्लाला आई-बाप सहसा जमिनीवर येऊन भरवत नाहीत. ते धडधाकट असेल आणि घरटं हाताच्या टप्प्यात असेल तर वर ठेवून द्या. नसेल तर ते वनखात्याकडे जायला हवं. उचलताना तोंड लांब ठेवा. भाल्यासारखी चोच सरळ डोळ्यावर येते. घाबरलं की ते पोटातले मासे ओकतं, त्याचा वास दिवसभर जात नाही, तेव्हा जुन्या कपड्यातच धरलेलं बरं.

खरोखरच पोरकं असेल तर

आई मेलेली डोळ्यांनी दिसली, पिल्लाला जखम आहे, कुत्र्या-मांजरानं तोंडात धरलं होतं, पिल्लू ओलं गार होऊन मान टाकतंय, किंवा दोन-तीन तास बघूनही आई आली नाही आणि अंधार पडत आला, तर मात्र पिल्लू उचला. मांजराचा दात लागलेलं पिल्लू वरून बरं दिसलं तरी त्याला औषध लागतं, हे विसरू नका.

उचलल्यावर पहिला फोन वनखात्याला. महाराष्ट्र वनविभागाचा मदतीचा क्रमांक १९२६ आहे. नाहीतर जवळच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात किंवा गावाच्या वनरक्षकाला कळवा. हे केवळ सोयीसाठी सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला पक्षी सरकारची मालमत्ता आहे, आणि तो कुठल्याही कारणानं आपल्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. जीव वाचवायला उचललात म्हणून कुणी तुम्हाला दोष देणार नाही. पण "पाळतो आता, मोठं झालं की बघू" म्हणून ठेवून घेतलंत तर तो गुन्हा होतो.

वनखात्याचा माणूस येईपर्यंत, म्हणजे बहुधा एक रात्र, पिल्लू सांभाळायचं कसं ते आता ऐका.

ऊब ही पहिली गरज. पुठ्ठ्याचा खोका घ्या, बाजूला भोकं पाडा, तळाला जुनं सुती फडकं किंवा वाळलेलं गवत घाला. गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात आणि कायमचे अधू होतात. खोक्याच्या एका टोकाला वर चाळीस वॅटचा पिवळा दिवा टांगा, फडक्याला किंवा गवताला चिकटणार नाही इतका उंच. दुसरं टोक गार राहू द्या. हल्लीचे पांढरे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, त्यांचा इथं उपयोग नाही. वीज गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ अंशांच्या आसपास ऊब लागते, पण थर्मामीटर शोधत बसायला नको. पिल्लू दिव्याखालीच अंग चोरून ओरडत असेल तर थंडी वाजतेय. चोच उघडी ठेवून धापा टाकत लांब पळत असेल तर उकडतंय. शांत झोपलं असेल तर बरोबर आहे. ओलं पिल्लू आधी फडक्यानं टिपून कोरडं करा. चुलीशी धरू नका.

दुसरी गोष्ट पाणी. इथंच सगळ्यांचा घोटाळा होतो. "बदकच ते, पाण्यात सोडा" म्हणून बादलीत टाकतात आणि तासाभरात पिल्लू गतप्राण. पिल्लू पाण्यात पोहतं, पण मध्ये-मध्ये आईच्या पोटाखाली शिरून कोरडं आणि उबदार होतं, तेव्हाच ते पुन्हा पाण्यात जाऊ शकतं. आईची ऊब नसेल तर भिजलेलं पिल्लू गारठून मरतं. तेव्हा पोहायचं पाणी अजिबात नाही. प्यायला उथळ ताटली, तिच्यात चार गोटे टाकलेले, चोच बुडेल पण पिल्लू बसणार नाही इतकंच पाणी. आणि चोचीत चमच्यानं पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं.

खाणं शेवटी. नुकतंच अंड्यातून आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते एक दिवस सहज काढतं. म्हणून पहिल्या रात्री खाल्लं नाही तरी घाबरू नका. बदकाचं पिल्लू असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, बारीक चिरलेला हिरवा पाला, डबक्यावर हिरव्या टिकल्यांसारखी तरंगते ती वनस्पती, बारीक गांडूळ, असं ताटलीत ठेवा. ते आपणच टिपतं. दिवस लांबलाच तर कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य पाण्यात भिजवून द्या, पण औषध मिसळलेलं नको. दूध नको, पाव नको, बिस्किट नको. पक्ष्याला दूध पचत नाही, हगवण लागते. नुसता भात घालून वाढवलेल्या बदकाच्या पिल्लाचे पाय वाकतात, कारण हाडं-सांध्यांना लागणारं जीवनसत्त्व भातात पुरेसं नसतं. बगळ्या-वंचकाला आणि पाणकोंबडीच्या पिल्लाला भरवावं लागतं आणि ते काम जाणकाराचं आहे, आपण जबरदस्ती करू नये.

आणखी एक. पिल्लू सारखं हातात घेऊ नका, पोरांना खेळायला देऊ नका. बदकाचं पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसांत ज्याच्या मागे फिरतं त्यालाच आई मानतं. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेंझ यांच्या मागे हंसांची पिल्लं अशीच ओळीनं फिरत असत. त्यांनी यावर केलेल्या कामासह त्यांच्या संशोधनाला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. बघायला मौज वाटते, पण माणसाला आई मानलेलं बदक पुढे आपल्या जातीत मिसळत नाही, कुत्र्याला आणि शिकाऱ्याला भीत नाही. त्याचं पुढे काय होतं ते तुम्हीच ताडा.

स्वतःच्या कोंबड्या सांभाळा

सापडलेला पक्षी खुराड्यात किंवा डालग्याखाली आपल्या कोंबड्यांबरोबर कधीही ठेवू नका. रानातली बदकं बर्ड फ्लूचा विषाणू अंगात बाळगून वरून निरोगी दिसू शकतात. राज्यात हा रोग पहिल्यांदा २००६ साली नवापूरला आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर तो आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला निघाला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेव्हा पिल्लाचा खोका खुराड्यापासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, त्याच चपला घालून कोंबड्यांत जाऊ नका. तळ्याकाठी एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले किंवा मान वाकडी करून फिरताना दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पक्षी मरण्याचं दुसरं कारण आपल्याच कोठारात असतं. फोरेट हे दाणेदार औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंद झालं, तरी जुनी पिशवी कुठं पडून असेल तर ती खाचरात रिकामी करू नका. पक्षी ते दाणे धान्य समजून टिपतात, आणि त्या पाण्यातले मासे-खेकडेही जातात. लाळ गाळणारा, पाय लुळे पडलेला पक्षी दिसला की विषबाधेची शंका घ्या आणि वनखात्याला तसं सांगा.

विहीर, खड्डा आणि गटार

मुंबई-नाशिक महामार्गाच्या बाजूला, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोलीकडे जिथं खाचरं होती तिथं आता गोदामं उभी आहेत. पाणपक्षी मात्र उरल्या-सुरल्या पाणथळीला धरून आहेत. आई पिल्लांना घेऊन एका डबक्यातून दुसऱ्याकडे निघते आणि पिल्लं सिमेंटच्या उभ्या गटारात, वीटभट्टीच्या खड्ड्यात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. आई काठावर ओरडत राहते, तिला काही करता येत नाही. अशा वेळी पिल्लं बाहेर काढून आईच्या दिशेनं सोडून दिली की काम झालं, घरी न्यायची गरज नाही. आपल्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर एका कोपऱ्यात गोणपाट बांधलेली फळी तिरकी सोडून ठेवा. पिल्लंच काय, कधी मांजर-मुंगूसही तिच्यावरून जीव वाचवून वर येतं.

अंडी सापडली तर, आणि कापणीच्या वेळी

गवतात अंडी सापडली की कुणीतरी म्हणतं, "खुडूक कोंबडीखाली ठेवू." तसं करू नका. कायद्यानं रानपक्ष्याची अंडी उचलणं, घरटं विस्कटणं ही शिकारच धरली आहे. शिवाय अंडी गार लागली म्हणजे आईनं टाकली असं नव्हे. बदकाची मादी दिवसाला एक याप्रमाणे सात ते बारा अंडी घालते आणि सगळी घालून झाल्याशिवाय उबवायला बसतच नाही. तोपर्यंत अंडी गारच असतात. बसायला लागल्यावरही चरायला जाताना ती अंड्यांवर पिसं आणि गवत पांघरून जाते. तेव्हा नीट झाकलेली गार अंडी म्हणजे चालू घरटं.

पाणकोंबडी किडे, गोगलगायी खाते. वंचक खाचरातले खेकडे टिपतो आणि बांधाला भोकं पाडणाऱ्यांची संख्या तेवढी कमी होते. लोंबीचे दाणेही पक्षी खातात, ते नाकारत नाही. पण हिशेब मांडलात तर बहुतेक शेतकऱ्यांना तो तोट्याचा दिसणार नाही.

हळव्या भाताची कापणी लवकर येते आणि उशिरा बसलेलं घरटं तिच्यात सापडतं. घरटं दिसलं की त्याच्या भोवती दहा-बारा पावलांचा चौकोन उभा ठेवा, कोपऱ्यावर काठी रोवून चिंधी बांधा. उबवायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, पण तुम्हाला घरटं दिसतं तोवर त्यातले बरेच दिवस सरलेले असतात. पिल्लं निघाली की बदक एका दिवसात त्यांना घेऊन पाण्यावर जातं, मग तेवढा तुकडा कापून घ्या. चार पेंढ्या उशिरा येतील, इतकंच.

कापणीची दिशाही महत्त्वाची. चारी बांधांकडून आत कापत आलं की पिल्लं मध्ये मध्ये सरकत शेवटच्या उभ्या तुकड्यात गोळा होतात. कुत्री आणि कावळे नेमके तिथंच टपून असतात, आणि यंत्रानं कापणी असेल तर पिल्लं पात्यातच जातात. म्हणून एका बाजूनं सुरुवात करा आणि पाण्याच्या किंवा गवताळ बांधाच्या दिशेनं कापत जा. पिल्लं पुढे पुढे सरकत आपोआप आडोशाला पोचतात. यंत्रवाल्याला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, सकाळी तो घाईत असतो.